बंदरछायेची लाँच

घाटकोपर (पूर्व)
१२ ऑक्टोबर २०२५

निलेश,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, पण कुरिअरवाल्याला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. मस्कतचा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. मिळाला.

सोळा वर्षांनी लिहितेय. अण्णा गेले तेव्हा तू आला नाहीस, आणि मी तुला फोनवर बोलले ते परत घेत नाही. बापाची लाज वाटणारा मुलगा मला भाऊ म्हणून नको, असं म्हटलं होतं. आजही तेच म्हणेन. पण काम निघालंय आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये हॉटेल बंदरछायेला पंचाहत्तर वर्षं होतात. देवव्रत, म्हणजे आपल्या वेळच्या मालकांचा, भाऊंचा मुलगा, आता सगळं बघतो. त्याला हॉटेलचं पुस्तक काढायचंय. मी जूनमध्ये शाळेतून रिटायर झाले हे त्याला कुठून तरी कळलं. म्हणाला, "सुलक्षणाताई, तुम्ही बेटावर वाढलात, मराठी शिकवलंत, तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?" मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर बेटावर पुन्हा जायला एक कारण हवं होतं.

बेट म्हणायचं आपण, पण मागून भाईंदरकडून रस्ता आहेच. आता सगळे गाड्या घेऊन त्या बाजूनेच येतात, आणि खाडीवर पूल होणार अशी बातमी दर दोन वर्षांनी येते. पण नानांनी, भाऊंच्या वडिलांनी, १९५१ साली हॉटेल काढलं तेव्हा आत यायला पाणी हीच वाट होती. गिरगावात खानावळ चालवणारा माणूस, पोहता येत नव्हतं, आणि हॉटेल काढलं खाडीपलीकडे! चार खोल्या आणि एक पडवी. बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून शिडाच्या होडीतून यायच्या, पोचेपर्यंत निम्म्या व्हायच्या. एका पाहुण्याच्या हट्टापायी दोन होड्या एकमेकींना बांधून वर पियानो आणला होता, त्याचा फोटो सापडलाय. फोन नव्हता. पलीकडची होडी बोलवायची असली की धक्क्यावर पांढरं निशाण लावायचे, डॉक्टर हवा असला तर लाल. मग अडुसष्टमध्ये 'पद्मिनी' लाँच आली, आणि तिच्यासोबत ती चालवायला मालवणहून अण्णा, तांडेल म्हणून.

तुझ्याकडून मला १७ नोव्हेंबर १९९१ हवाय. पुस्तकात अपघात दोन ओळींत यावा असं देवव्रतचं म्हणणं आहे. "तांडेलाच्या मद्यधुंद अवस्थेमुळे लाँच उलटली." मी ते लपवणार नाही. अण्णा प्यायले होते, तसं चौकशीत ठरलं, संपलं. पण दोन ओळींपेक्षा जास्त लिहायचा माझा विचार आहे. तू त्या दिवशी काउंटरवर होतास. काय पाहिलंस ते लिहून पाठव.

सुलक्षणा


९ नोव्हेंबर २०२५

निलेश,

उत्तर नाही. ठीक आहे. माझं काम थांबलेलं नाही.

काल बोरिवलीहून फेरीने पलीकडे गेले आणि पास्कलकाकांना भेटले. आठवतात ना, धक्क्यावर दोर पकडायचे ते? चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं, पण मला आवाजावरून ओळखलं. "तांडेलाची पोर!" म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

मी हॉटेलचं पुस्तक लिहितेय म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग विचारलं, "पद्मिनीचं काय लिवणार?"

मी म्हटलं, "जे झालं ते. अण्णा प्याले होते."

निलेश, त्या म्हाताऱ्याने हातातला कप खाली ठेवला. "तुझा बाप? अगं, नाताळला मी वाईन पुढे केली तर वास घेऊन परत द्यायचा. तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं. घरात कधी बाटली आली नाही हे मला माहीत होतं. आणि तरी.

पुढचं काकांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. त्या रविवारी कुठल्या तरी कंपनीची पार्टी आली होती. संध्याकाळी सगळ्यांना एकदम परत जायचं होतं. लाँचवर तीस माणसांची परवानगी, आणि धक्क्यावर बावन्न. ओहोटी लागलेली, खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा वर आलेला. अण्णा म्हणाले, दोन फेऱ्या करतो. भाऊ म्हणाले, दुसऱ्या फेरीपर्यंत पाणी उरणार नाही, लोक अडकतील, एकाच फेरीत ने. अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "असा नाय जमाचा. लिवन दिया, मगे सोडतंय." आणि भाऊंनी खिशातल्या कागदावर लिहून दिलं. सगळ्यांना घेऊन जा, जबाबदारी माझी. खाली सही.

काका शेजारी उभे होते. अण्णांनी तो कागद घडी करून वर ऑफिसात तुझ्याकडे पाठवला. "पाण्यात भिजंल, झिलाकडे ऱ्हवां दे," म्हणाले. काका स्वतः घेऊन आले होते. तुझ्या हातात दिला.

ती चिठ्ठी कुठे आहे, निलेश?

ताई


२३ नोव्हेंबर २०२५

निलेश,

आता विचारायची गरज उरली नाही.

हॉटेलच्या जुन्या कपाटात चौकशीच्या कागदांची प्रत होती. देवव्रतने स्वतः किल्ली दिली, त्याला बिचाऱ्याला आत काय आहे ते माहीतही नव्हतं. पाचवं पान. "मी, निलेश, हॉटेलचा काउंटर कारकून, लिहून देतो की सदर तांडेल हे माझे वडील असून त्या दिवशी दुपारपासून त्यांनी मद्यपान केले होते. मालकांनी मनाई केली असता त्यांनी न ऐकता जास्त माणसे भरली."

अक्षर ओळखायला मला सही बघावी लागली नाही. तुला 'ळ' काढायला मीच शिकवलं होतं.

कागद तिथेच टाकून मी खाली किनाऱ्यावर गेले. किती वेळ चालत होते ठाऊक नाही. मला तुझा राग आला नाही रे, आधी. आधी मला चौकशीच्या दिवशीचे अण्णा दिसले. सगळं सांगायचंच ठरवून ते सकाळी निघताना म्हणाले होते, "आज सगळा सांगतलंय." संध्याकाळी परत आले, जेवले नाहीत, बोलले नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, झालं. त्यांनी आत काय सांगितलं हे आम्हाला कधीच कळलं नाही. परवा पुन्हा पास्कलकाकांकडे जाऊन विचारलं. काका साक्षीला गेले होते, पण त्यांना आत बोलावलंच नाही. दारातून त्यांनी बघितलं. अधिकाऱ्यांनी अण्णांसमोर एक कागद ठेवला. अण्णांनी तो वाचला. मग पुन्हा वाचला. मग घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "माका काय एक सांगूचा नाय."

तुझं अक्षर त्यांनीही ओळखलं होतं.

लायसन गेलं. मुलुंडच्या त्या बिल्डिंगीत अठरा वर्षं वॉचमनच्या खुर्चीवर बसले. समुद्र बघायला म्हणून एकदाही गेले नाहीत. तू मात्र भाऊंच्या शिफारशीने वर्षभरात बोटीवर लागलास. मी म्हणायचे, निलेशला अण्णांची लाज वाटते म्हणून तो येत नाही. सोळा वर्षं चुकीची शिवी देत होते तुला.

आता बरोबर कोणती ते शोधतेय.


४ जानेवारी २०२६

निलेश,

तू गप्प आहेस. अण्णाही गप्प होते. पण त्यांच्या गप्प बसण्यात तू वाचलास. तुझ्या गप्प बसण्यात कोण वाचतंय ते सांग.

मधल्या काळात काय केलं ते कळवते, म्हणजे नंतर माहीत नव्हतं म्हणू नकोस.

एक. देवव्रतला सगळं सांगितलं. त्याच्या पवईच्या ऑफिसात, भाऊंच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून. आधी तो हसला, मग चिडला. म्हणाला, "एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावर तुम्ही माझ्या वडिलांना खुनी ठरवताय? चिठ्ठी आहे? नाही ना?" मी म्हटलं, "तुमच्या वडिलांसाठी तुम्ही भांडताय, मला आवडलं. मला हे चौतीस वर्षांपूर्वी जमायला हवं होतं." त्याने काम काढून घेतलं. पुस्तक आता कुठली तरी जाहिरात कंपनी लिहिणार. मी लिहिलेली पानं तेवढी परत मागितली. आणली.

दोन. शुभाच्या घरी गेले. शुभा आठवते? बेडशीट बदलायला यायची, बावीस वर्षांची, सुट्टीच्या दिवशी बोरिवलीला घरी निघाली होती. दोन माणसं बुडाली त्यातली ती एक. दुसरे होते त्या कंपनीचे साहेब, त्यांच्या नावाचा संगमरवरी बाक आहे हॉटेलच्या बागेत. शुभाचं नाव कुठेच नाही. तिची धाकटी बहीण अपूर्वा बोरिवलीला राहते. मी नाव सांगितलं, कुणाची मुलगी ते सांगितलं. तिने दार लावून घेतलं. आतून म्हणाली, "बेवड्याच्या घरातलं कुणी नको माझ्या दारात." लोखंडी दाराची जाळी होती मध्ये. मी तिथे उभी राहिले आणि परत आले.

तीन. बंदर खात्याच्या कार्यालयात फेरचौकशीचा अर्ज दिला. तिथल्या बाईंनी सांगितलं, चौतीस वर्षं जुनी फाईल, कुणी उघडणार नाही. मी म्हटलं, फाईलचं वय मला माहीत आहे, पोचपावती द्या. दर सोमवारी जाते. घाटकोपरहून गाडी बदलत, डबा घेऊन. आता शिपाई मला खुर्ची देतो.

आणि एक गोष्ट जी मला लिहायची नव्हती.

माझ्या लग्नाच्या बोलणीत सासरच्यांनी विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, निवृत्त आहेत. अण्णा शेजारी बसले होते. त्यांनी मान हलवली, हो, निवृत्त. नंतर सतरा वर्षं होती माझ्याकडे. मुलुंड ते घाटकोपर किती लांब आहे? दर रविवारी जायचे. एकदाही विचारलं नाही की अण्णा, तुम्ही खरंच प्यायला होतात का. मला वाटायचं, विचारलं तर त्यांना त्रास होईल. खोटं आहे ते. मला उत्तराची भीती होती, हो म्हणाले तर काय, आणि नाही म्हणाले तर मग काय.

तू एक कागद लिहिलास. मी काहीच लिहिलं नाही आणि त्याच कागदावर जगले. तेव्हा मी कुणी वरच्या पायरीवरून बोलत नाहीये. पण मी आता खाली उतरून कामाला लागलेय. तू कधी उतरतोस?

ताई


८ फेब्रुवारी २०२६

निलेश,

तुझं पाकीट गुरुवारी आलं. अकरा पानं. दारातच उघडलं, चपला पायात तशाच.

चिठ्ठी तू त्याच आठवड्यात खाडीत फेकलीस हे वाचून मी थांबले. श्रुतिका, माझी सून, तिने पाणी आणून दिलं. मग पुढचं वाचलं. भाऊ काय म्हणाले ते तू लिहिलंयस. "तुझ्या बापाचं लायसन असंही जाणार. पण हॉटेल बंद पडलं तर चाळीस घरं उपाशी मरतील. तू शिकलेला आहेस, तू समजून घे." आणि तू एकवीस वर्षांचा होतास. हे तू तीनदा लिहिलंयस. मला पहिल्या वेळीच कळलं होतं.

अण्णांच्या मयताला तू आला नव्हतास असं मी धरून चालले होते. तू लिहितोस की मुंबईपर्यंत आलास, मुलुंडच्या स्मशानाबाहेर रिक्षात बसून राहिलास आणि परत गेलास. खरं असेल. माझा विश्वास बसतोय, पण त्याने अण्णांना काही मिळत नाही.

तू म्हणतोस, हीच अकरा पानं जोडा फाईलला. मी विचारलं. नाही चालत. बाईंनी नीट समजावलं. आधीचा जबाब देणाऱ्याने समोर येऊन नवा जबाब द्यायचा, सही करायची. सुनावणी १२ मार्चला, सकाळी अकरा वाजता. हॉटेलला नोटीस गेलीय. पास्कलकाकांना मी टॅक्सी करून नेणार आहे.

खोटा जबाब दिल्याबद्दल तुझ्यावर काही होऊ शकतं का, हेही विचारलं. होऊ शकतं, बहुतेक होणार नाही, असं उत्तर मिळालं. लपवत नाही. तू घाबरशील म्हणून गोड करूनही सांगत नाही.

माझ्या घरी हॉलमध्ये झोपायला जागा आहे. नको असेल तर हॉटेल घे. पण ये. नाही आलास तर मी एकटी जाऊन बसेन, काका बोलतील, मी बोलेन, आणि अधिकारी विचारतील की मुलगा कुठे आहे. तेव्हा काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही.

ताई


२२ मार्च २०२६

प्रिय निलेश,

तू जाऊन आठवडा झाला. इथे असताना आपण दोघं धड बोललो नाही, चहा आणि टॅक्सी आणि कागद यातच चार दिवस गेले. म्हणून लिहिते.

तू जबाब देत होतास तेव्हा मी तुझ्या मागे बसले होते. तुझे केस मागून किती विरळ झालेत ते मला तेव्हाच दिसलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तेव्हा खोटं लिहिलंत, आता खरं कशावरून?" मला वाटलं, संपलं, हा आता रडेल किंवा भाऊंचं नाव घेईल. तू म्हणालास, "तेव्हा लिहिल्यावर नोकरी मिळाली होती. आता लिहून काही मिळणार नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, बोला, सावकाश बोला.

काकांना आत बोलावलं तेव्हा त्यांनी तुझ्या खांद्याला धरून वाट काढली. या वेळी त्यांना दारात उभं राहावं लागलं नाही.

तू विमानतळावर गेलास त्यानंतरच्या तीन गोष्टी.

परवा आदेशाची प्रत मिळाली. जुना निकाल रद्द झालेला नाही, तो अधिकार त्यांना नाही. पण तुझा आणि काकांचा जबाब फाईलला कायमचा जोडलाय आणि खाली शेरा आहे: 'तांडेलाने मद्यपान केल्याच्या निष्कर्षाला आधार असलेला एकमेव जबाब मागे घेण्यात आला आहे. तो आधार उरत नाही.' दोन ओळी. मी त्या बसस्टॉपवर उभी राहून मोठ्याने वाचल्या. शेजारची बाई म्हणाली, "निकाल लागला का मुलाचा?" मी म्हटलं, "वडिलांचा."

देवव्रतचा फोन आला. सुनावणीत तो कोपऱ्यात बसून होता, तुझ्याकडे बघतही नव्हता, आठवतंय ना. म्हणाला, "पुस्तक थांबवलंय. पद्मिनीचं पान तुम्ही लिहा. मी वाचणार नाही, पण छापीन." मी म्हटलं, वाचलंच पाहिजे असं नाही. शुभाचं पूर्ण नाव येईल, तुमच्या वडिलांचंही. तो म्हणाला, "बाबांच्या नावाचं शुद्धलेखन तेवढं नीट ठेवा." विचित्र बोलला, पण मला ते कळलं. काल पान लिहून पाठवलं. तुझं नावही आहे त्यात, दोन्ही जबाबांसकट.

आज सकाळी अपूर्वाकडे गेले. आदेशाची प्रत जाळीतून आत दिली. तिने तिथेच उभ्याने वाचली. आतून प्रेशर कुकरची शिट्टी झाली, तिने जाऊन गॅस बंद केला, परत आली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. म्हणाली, "तुमचे वडील एकदा आले होते. अपघातानंतर दोन महिन्यांनी. माझ्या आईने अंगावर चप्पल फेकली. ते चप्पल उचलून दारात नीट ठेवून गेले." मला हे माहीत नव्हतं. तुलाही नसेल. मग तिने जाळी उघडली आणि म्हणाली, "आत या." पोहे खायला लावले. शुभाचा एकच फोटो आहे त्यांच्याकडे, तो पुस्तकासाठी दिलाय. मी उद्या स्कॅन करून परत नेऊन देणार आहे.

विमानतळावर आत जाताना तू विचारलंस, "ताई, माफ केलंस?" मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते, मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. ऐकू आलं होतं.

नाही केलं, निलेश. अण्णांच्या वाटचं माफ करायचा हक्क मला नाही, आणि माझ्या वाटचं अजून होत नाही. होईल असं खोटं लिहिणार नाही, या घराण्यात खोटं लिहून झालंय पुरेसं. पण बारा तारखेला त्या खोलीतून बाहेर पडताना तू जिन्यावर थांबलास, कठड्याला धरलंस आणि लहानपणी ताप आला की म्हणायचास तसं म्हणालास, "ताई, थोडं बसूया." मी बसले तुझ्या शेजारी. ते मला कुणी करायला सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात पंधरा दिवस काढून ये. हॉलमध्ये नाही, आतल्या खोलीत गादी टाकते. आपल्याला अण्णांबद्दल बोलायचंय, आणि मला एकटीला सगळं आठवत नाही.

तुझी
ताई